मुक्याचे पाहुणे

"बाई, हाफ तिकीट लागंल," कंडक्टर म्हणाला आणि त्याने माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे बोट दाखवलं. पिशवीतून एक काळं नाक आणि अर्धा कान बाहेर आला होता.

"अजून पाच वर्षांचं झालं नाही ते," मी म्हणाले. आजूबाजूची माणसं हसली. मागच्या सीटवरच्या आजींनी शेंगदाण्याचा लाडू मोडून पुढे केला. पिल्लाने तो हुंगला, शिंकलं आणि पुन्हा पिशवीत गेलं.

मी शिकवायचे त्या लेंगऱ्याच्या शाळेपासून विट्यापर्यंत ते निबंधाच्या वह्यांवर झोपून आलं. एका वहीवर त्याने आपला शेराही दिला. शाळेच्या लाकडाच्या खोपीमागे ते एकटंच कुडकुडत बसलेलं सापडलं होतं, आई कुठे गेली होती कुणास ठाऊक. दुसऱ्या कुणी नेलं असतं की नाही, हा विचार मी केलाच नाही. वैशाखात माझं लग्न होतं. मी गेल्यावर घरात आई, आप्पा आणि आमचा म्हातारा मुक्या एवढेच उरणार होते, आणि मुक्याचंही काही खरं नव्हतं. तेव्हा घर रिकामं करून जायचं नाही, असं मी पिशवीची नाडी आवळता आवळता ठरवून टाकलं. माझा स्वभावच तसा आहे. आधी ठरवायचं आणि मग घरच्यांना कळवायचं.

दार आईने उघडलं. पिशवीत डोकावून ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारचं दारही उघडलं.

"अगोबाई! पाहुणे आले का आमच्याकडं? पाहुणे आले?"

सोप्यात रेडिओच्या टेबलाखाली मुक्या त्याच्या पोत्यावर पडला होता. त्याने मान वर केली. मग आधी पुढचे पाय, मग दम खाऊन मागचे, असा तो हप्त्याहप्त्याने उठला, आणि माझ्याकडे किंवा पिशवीकडे न बघता स्वयंपाकघरातून सरळ मागच्या अंगणात निघून गेला.

"रुसला," आई म्हणाली. "रुसू दे. दिवे लागायच्या आत येतो बघ."

तो आला नाही.

मुक्याचं खरं नाव मुक्काम. आप्पा विट्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. लाउडस्पीकरवर जो आवाज गाड्या पुकारायचा, तो माझ्या वडिलांचा. या आवाजाचा मला लहानपणी भारी अभिमान होता. एकदा मागे येणाऱ्या गाडीखाली स्टँडवरच्या एका कुत्र्याचा पाय सापडला. आप्पांनी त्याला पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरियरवरून घरी आणलं. आई दारात आडवी उभी राहिली. आप्पा म्हणाले, "एक रात्र मुक्काम करू दे त्याला. सकाळी सुटेल." मुक्कामी गाडी म्हणजे जी संध्याकाळी गावात येते, रात्री तिथेच झोपते आणि पहाटे निघते. ही गाडी काही सुटली नाही. पाय वाकडाच राहिला, नाव मुक्काम पडलं, आणि भुंकणं म्हणजे काय हे त्याला माहीतच नसल्यामुळे मुक्कामचा मुक्या झाला.

दिसायला मात्र तो महाभयंकर होता. एक कान फाटका, तोंडावर आडवा व्रण, अंगाने वासराएवढा. मला बघायला पहिल्यांदा पाहुणे आले तेव्हा मुक्या आपला सगळ्यांना प्रेमाने हुंगून घ्यावं म्हणून सोप्यात आला. मुलाची आत्या पोह्यांच्या बशीसकट खुर्चीवर उभी राहिली. पोहे तिच्या शालूवर, शालू मुक्याच्या नाकावर. ते स्थळ तिथेच संपलं. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, मुलगा आत्याच्याही मागे लपला होता. आईला मात्र वाटलं. त्यानंतर तिने मुक्याला असं तयार केलं की पाहुणे घरात असेपर्यंत तो मागच्या अंगणातून हलायचा नाही. माझ्या लग्नाच्या भानगडीत त्याने त्या अंगणात किती दुपारी काढल्या असतील, देव जाणे.

ते सगळं आता पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं. तरी माघातली ती थंडी मला अजून आठवते, कारण मुक्या त्या थंडीत बाहेर होता.

संध्याकाळी आप्पा फिरून आले. पिल्लू त्यांच्या धोतराला लोंबकळलं. आप्पांनी त्याला दोन बोटांनी सोडवलं आणि मला विचारलं, "हे कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. नाव काय ठेवायचं याचं?"

"नाव ठेवायचं नाही. नाव दिलं की ठेवून घ्यावं लागतं." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "मुक्या कुठाय?"

मुक्या धुण्याच्या दगडाशेजारी, शेवग्याच्या बुंध्याला पाठ लावून बसला होता. आप्पांनी हाक मारली. त्याने शेपटी हलवली, पण उठला नाही. भाकरी बाहेर नेऊन दिली तर अर्धी खाल्ली. आत म्हणून येईना. शेवटी आप्पांनी त्याच्या अंगावर पोतं टाकलं आणि स्वतः अंगात स्वेटर घालून उगाच मागच्या दारात उभे राहिले.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि तिसऱ्याही. घरात पिल्लू नुसतं बागडत होतं. आईच्या पिठाच्या डब्यात तोंड घालून पांढरं होत होतं, आप्पांच्या चपलेत झोपत होतं. त्याला नाव नव्हतं, म्हणून आई आपली त्याला पाहुणाच म्हणायची. "पाहुण्यानं दूध सांडलं." "पाहुणं उठलं का?" "या पाहुणे, या, गरम गरम खा." आईचं तोंड दिवसभर चालूच असायचं, आणि आता तिला बोलायला नवीन माणूस मिळालं होतं.

आणि मागे मुक्या वाळत चालला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सकाळी त्याचा वाकडा पाय इतका आखडलेला असायचा की उठताना तो दोनदा खाली बसायचा. गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी त्याला सगळीकडून दाबून बघितलं.

"म्हातारपण आहे, आणि त्यात ही थंडी," ते म्हणाले. "काहीही करा, पण आत घ्या याला. असा बाहेर राहिला तर थंडी काढायचा नाही."

आप्पांनी त्याला दोन्ही हातांवर उचलून आत आणला, पोत्यावर ठेवला आणि पाठीवरून हात फिरवत बसले. मुक्या शांत पडला. मला हायसं वाटलं. मी चहा टाकायला गेले. तेवढ्यात आई पिल्लाला उन्हातून घेऊन आली, काहीतरी बोलतच, आणि मुक्या धडपडत उठून बाहेर चालता झाला.

"बघितलंस?" आप्पा म्हणाले. "याला बघितलं की तो उठतोय. त्याच्याच घरातनं आपण त्याला घालवला. रविवारी जमदाडे येतोय. त्याला देणार आहे मी हे पिल्लू."

जमदाडे डेपोत मेकॅनिक होता, आप्पांच्या मर्जीतला. गावाबाहेर त्याचं घर होतं, पोरंबाळं होती. पिल्लाला काही वाईट जागा नव्हती. पण मी रडायलाच लागले.

"मी कुणासाठी आणलंय ते?" मी म्हणाले. "मी गेल्यावर तुम्ही दोघं भिंतीकडं बघत बसणार. मुक्या आज आहे, उद्या नाही..."

"म्हणूनच!" आप्पा एकदम ओरडले. लाउडस्पीकरवरसुद्धा ते कधी ओरडले नव्हते. "तू चाललीस. हा पण चाललाय, दिसतंय मला. आणि आता हे आणखी एक आणून गळ्यात घालतीस? परत माया लावा, परत बघत बसा. माझ्यानं नाही व्हायचं ते, वैजू."

आप्पा असं काही बोलतात हेच मला माहीत नव्हतं. आई पिल्लाला पदराखाली घेऊन गप्प उभी होती, आणि आई गप्प म्हणजे परिस्थिती फारच गंभीर.

शुक्रवारी मला शाळेला सुट्टी होती. दुपारी आप्पा मागच्या पायरीवर बसून मुक्याला दूधभाकरी दाखवत होते. "ये, ये माझ्या राजा. ये." ताटली ते थोडी थोडी मागे सरकवत होते, आणि मुक्या तिच्यामागे थोडा थोडा पुढे येत होता. पायरीवर एक पाय. दुसरा पाय. त्याने उंबऱ्याच्या आत तोंड घातलं. मी चुलीजवळ उभी होते. पिल्लू तिथेच माझ्या पायाशी आडवं पडलं होतं. मुक्याने त्याच्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि तरी तो आत येत होता.

तेवढ्यात सोप्यातून आईचा आवाज आला. "वैजू, पाहुण्यांना दूध दिलंस का गं?"

मुक्या थांबला. त्याने पाय मागे घेतला, वळला आणि पायरी उतरून शेवग्याखाली जाऊन बसला.

आप्पांच्या हातात ताटली तशीच राहिली. "अगं ए," त्यांनी हाक मारली. "इकडं ये जरा."

आई आली.

"आत्ता काय म्हणालीस तू?"

"कुठं काय? पाहुण्याला दूध दिलं का, म्हटलं."

"मुक्याला पाहुण्यांच्या वेळी बाहेर कसं पाठवायचीस तू? काय म्हणायचीस?"

"काय म्हणणार? पाहुणे आले म्हणायची. मग भाकरीचा तुकडा द्यायची आणि..." आईचा हात तोंडाकडे गेला. ती तिथेच पाटावर बसली. "अगं माझे आई. मीच त्याला रोज घराबाहेर काढतीय!"

आम्ही तिघं त्या म्हाताऱ्या कुत्र्याकडे बघत राहिलो. तो रुसला नव्हता. त्याला पिल्लाचा रागही आला नव्हता. घरात पाहुणे होते, दिवसातून दहा वेळा कुणीतरी तसं सांगत होतं, आणि ते जाईपर्यंत आपण बाहेर थांबायचं, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. तेवढं तो थंडीत कुडकुडत करत होता.

आई दारात गेली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. "मुक्या, गेले रे बाबा पाहुणे," ती म्हणाली. "गेले. सगळे गेले."

मुक्याने कान टवकारले, फाटकासुद्धा. उठला. खुरडत खुरडत पायरी चढला, स्वयंपाकघरातून सोप्यात गेला, आणि बघतो तर पिल्लू त्याच्याआधी पळत जाऊन त्याच्या पोत्यावर बसलेलं! मुक्या थांबला आणि त्याने मागे वळून आईकडे बघितलं. सगळे गेले म्हणतेस, आणि हा कसा राहिला? असंच त्याला विचारायचं असणार. मग पिल्लाकडे पाठ करून तो नुसत्या फरशीवर आडवा झाला.

मी खूश. आता प्रश्न सुटला असं मला वाटलं. पण आप्पांचा रविवार काही हलेना.

"आता कशाला?" मी विचारलं. "आता तर कळलं ना!"

"मी शब्द दिलाय जमदाडेला. त्याची पोरं वाट बघतायत. आणि मुक्या आत आला, म्हणजे त्याला हे चाललं असं नाही. बघ, अंगाला अंग लावून घेत नाही तो."

ते मात्र खरं होतं. पिल्लू शेपटीला लोंबकळलं की मुक्या शेपटी काढून घ्यायचा. ताटलीत तोंड घातलं की नुसता उठून बाजूला व्हायचा. भांडण नाही, पण ओळखही दाखवायची नाही. त्या दोन दिवसांत आईने "पाहुणा" हा शब्द तोंडातून काढला नाही. "ते आपलं हे" म्हणायची. पिल्लू "ते आपलं हे" ला सुद्धा शेपटी हलवत धावत यायचं.

रविवारी सकाळी जमदाडे आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, एका हातात केळीची फणी, दुसऱ्या हातात पिल्लासाठी आणलेली बांबूची पाटी, आणि पाटीत त्याच्या बायकोने जुन्या लुगड्याची घडी घातलेली. इतकी काळजी घेऊन आलेल्या माणसावर रागवताही येईना. आई लगबगीने पुढे झाली, आणि इतक्या वर्षांची सवय, तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"या, या! वैजू, पाहुणे आले गं, पाणी आण!"

आईने जीभ चावली. पण मुक्या उठला होता. आधी पुढचे पाय, मग मागचे. तो निघाला, आणि पिल्लू त्याच्या शेपटीवर झडप घालत मागोमाग निघालं. आम्ही सगळे बघत होतो. मागच्या दाराशी मुक्या पायरी उतरून अंगणात गेला. पिल्लू वरच्या कडेला थांबलं. पायरी त्याच्या दुप्पट उंच होती. एरवी आम्हीच कुणीतरी त्याला उचलून खाली ठेवायचो. ते कुंई कुंई करायला लागलं.

मुक्या शेवग्यापर्यंत पोचला होता. तो वळला. त्या आखडलेल्या पायाने सगळं अंगण पुन्हा ओलांडून पायरीपाशी आला, आणि पायरीला अंग लावून आडवा उभा राहिला. पिल्लू त्याच्या पाठीवर घसरलं, तिथून मातीत पडलं आणि उठून अंग झाडलं. मग मुक्या पुढे आणि ते मागे, असे दोघे शेवग्याखाली जाऊन बसले. मुक्याने त्याला आपल्या पोटाशी घेतलं. दोघांची तोंडं घराकडे होती. पाहुणे कधी जातात याची ते वाट बघत होते.

जमदाडेला मुक्याची ती शिकवण माहीत होती, आप्पांनी स्टँडवर सगळ्यांना कौतुकाने सांगितलेली. तो दारात उभा राहून हसायला लागला.

"साहेब, हे आमच्यासंगं यायचं न्हाई," तो म्हणाला. "ह्यानं मलाच पाहुण्यात काढलं की!"

"जमदाडे, मी शब्द दिलाय तुला," आप्पा म्हणाले. पण त्यांची नजर अंगणात होती.

"शब्द राहू द्या. चा पाजा." त्याने पाटी आईच्या हातात दिली. "ही ठेवा, त्याला झोपायला हुईल. पोरास्नी मी बघतो दुसरं. कुत्र्याच्या पिल्लांना काय दुष्काळ हाय व्हय?"

चहा पिऊन तो गेला. आई मागच्या दाराकडे धावली, ते शब्द म्हणायला. आप्पांनी तिला हाताने थांबवलं. मुक्या झोपला होता. इतक्या दिवसांनी असा गाढ झोपला होता की पिल्लू त्याचा फाटका कान चघळत होतं तरी त्याला पत्ता नव्हता. ऊन चांगलं आलं होतं. आप्पांनी आपला चहाचा कप उचलला आणि पायरीवर जाऊन बसले. मग घसा खाकरून, स्टँडवरच्या आवाजात, पण अगदी हळू म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाटावर जादा गाडी लागलेली आहे."

असं पिल्लाला जादा हे नाव मिळालं.

मी त्यांच्याशेजारी बसले.

"वैजू," आप्पा म्हणाले, "वैशाखानंतर तू येशील. जावईबापू येतील. तुझी आई दार उघडेल आणि आधी काय ओरडेल?"

"पाहुणे आले," मी म्हणाले.

"आणि हे दोघं उठून मागं जातील. तुला बघून." आप्पांनी डोळ्यांवरून उपरण्याचं टोक फिरवलं. "मला नाही बघवणार ते."

"मग काय म्हणायचं तिनं?"

"काही म्हणायचं नाही. दार उघडायचं."

लग्नानंतर पहिल्यांदा मी आषाढात माहेरी गेले. सोबत हे होते, हातात पेढ्यांचा पुडा. दार वाजवलं. आतून आईची लगबग ऐकू आली, बांगड्या वाजल्या, कडी निघाली. दारात आई उभी. तोंडावर पदराचा बोळा घट्ट दाबून धरलेला, आणि वर डोळे नुसते भरून वाहताहेत. ना या, ना बसा, ना कसा झाला प्रवास. जी बाई स्वयंपाकघरात भांड्यांशीसुद्धा बोलायची, ती जावयासमोर एक अक्षर बोलेना.

हे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आई रागावल्यात का?"

तोवर टेबलाखालून मुक्या उठला होता. खुरडत खुरडत आला, माझ्या नव्या साडीला नाक लावून एक मोठा श्वास घेतला आणि धपकन माझ्या दोन्ही पावलांवर बसला. त्याच्यामागून जादा आला. मागच्या अंगणाकडे कुणीच गेलं नाही.